साहेबांना विचारून टाकलेले टायर

मला वेगात गाडी चालवायला आवडतं. हे पुरुषाने म्हटलं की लोक गाडीबद्दल विचारतात, बाईने म्हटलं की तिच्या घरच्यांकडे बघतात. मी जळगावला पिंप्राळ्यात राहते आणि धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवते. आठवड्यातले बहुतेक दिवस माझी सकाळ-संध्याकाळ हायवेवर जाते. वेग म्हणजे नुसता काटा वर नेणं नव्हे, हे घरात कुणाला तरी समजावून सांगावं असं मला फार वाटायचं. वळणावर गाडी किती झुकते, ब्रेक दाबल्यावर सरळ थांबते की वाकडी जाते, स्टिअरिंगमधून हाताला रस्ता कळतो की नाही, खरी मजा यात असते. आणि हे सगळं ठरवतात टायर. इंजिन कितीही दमदार असो, रस्त्याला टेकलेले असतात फक्त तळहाताएवढे चार रबराचे तुकडे.

म्हणून जुने टायर झिजले तेव्हा मी नीट माहिती काढून दुकानात गेले. बारा महिने चालणारा टायर म्हणजे काय, ते आपल्या हवेप्रमाणे ठरवायला हवं. बर्फाची आपल्याला काळजी नाही. आपल्याला मे महिन्यात डांबर पाघळत असताना तग धरणारा टायर हवा, आणि पावसात पाणी झटकून रस्ता पकडणारा हवा. त्यात आपल्याकडचा ओला रस्ता म्हणजे नुसतं पाणी नसतं. शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली काळी माती हायवेवर सोडत जातात. तिच्यावर सर पडली की रस्त्याला साबण लावल्यासारखं होतं. टणक रबराचा टायर वर्षानुवर्षं टिकतो, पण अशा रस्त्यावर पकड सोडतो. मऊ रबराचा लवकर झिजतो, पण धरून ठेवतो. मला धरून ठेवणारा हवा होता.

दुकानदाराने पाणी दिलं आणि माझ्या मागे दाराकडे बघत विचारलं, "साहेब नाही आले?"

"गाडी मी चालवते," मी म्हटलं.

"हो हो, तुम्हीच चालवा. मग हे टाका मॅडम, फॅमिली टायर. लेडीजसाठी एकदम बेस्ट. टाकले की विसरून जा."

मी विचारलं, ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागतो? तो हसला. "तुम्ही कशाला एवढ्या जोरात चालवणार!" मी वाद घातला नाही. मला हवा असलेला टायर बोट ठेवून दाखवला. उद्या मागवून टाकतो म्हणाला, म्हणून गाडी तिथेच ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर चारही चाकांना ते टणक रबराचे फॅमिली टायर. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "साहेबांशी बोलणं झालंय." मागे कधीतरी याच दुकानात चाकांचं अलाइनमेंट करताना नवऱ्याचा नंबर दिलेला होता. त्या नंबरवर त्याने फोन लावला आणि ऑफिसात बसलेल्या माझ्या नवऱ्याने, काय विषय आहे तेही नीट न ऐकता, सांगून टाकलं की तुम्हाला योग्य वाटतील ते टाका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी माझी, रस्ता माझा, जीव माझा, आणि बोलणं झालं साहेबांशी! बसवलेले टायर परत घेत नाही, एवढं बोलून दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी नवरा म्हणाला, "अगं, टायर ते टायर. हे जास्त टिकतात म्हणाला तो."

"टायर टिकतील हो. मी टिकायला नको का?"

तो हसला. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे पावसाळ्यात व्हायचं ते झालं. पारोळ्याच्या पुढे मी मुद्दाम हळू चालले होते, कारण त्या टायरांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. एक ट्रॅक्टर शेतातून एकदम हायवेवर आला. मी ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेक थरथरत राहिला आणि गाडी मात्र चिखलावरून सरळ पुढे घसरत गेली. मी ट्रॅक्टर चुकवला आणि कपाशीत जाऊन थांबले. मला खरचटलंही नाही, पण बंपर तुटला.

माझे सासरे मूळचे पारोळ्याकडचे. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांनी तुटलेला बंपर बघितला आणि निकाल दिला, "बाईना हातमा गाडी दिधी म्हंजे असंच व्हस."

मी सांगितलं, टायरांनी पकड सोडली. नवरा म्हणाला, "टायर तर नवे आहेत गं." तो माझ्या बाजूने एवढंही बोलला नाही की ती हळू चालवत असेल. दारामागच्या खिळ्यावरची चावी नानांच्या कपाटात गेली. "आते एसटीनं जाय, माय," नाना म्हणाले, आणि तेही इतक्या मायेने की मला धड भांडताही येईना.

एसटीबद्दल माझी तक्रार नाही. पण रोज त्या कपाशीवरून जाताना माझा उजवा पाय बसच्या पत्र्यावर आपोआप दाबला जायचा. जी गोष्ट मला चांगली येते ती माझ्याकडून काढून घेतली होती, आणि माझ्याच भल्यासाठी काढली असं वर ऐकवत होते. वापरायला म्हणून गाडी नवऱ्याकडे गेली. टायर तेच होते.

काही आठवड्यांनी नवरा आणि नाना एका लग्नासाठी पारोळ्याला गेले. सकाळी पाऊस पडून गेला होता. संध्याकाळी दोघं परतले तेव्हा गाडीचा एक दिवा फुटलेला होता आणि पुढचा दरवाजा आत गेलेला. गाडी घसरून दुभाजकावर आदळली होती. मी नानांना धरून आत आणलं, पाणी दिलं. खरं सांगते, तेवढा वेळ मी राग विसरले होते. दोघं धड घरी आले यापलीकडे मला काही नको होतं.

मग शेजारचे काका विचारपूस करायला आले. नानांनी सगळा दोष चिखलावर टाकला, "रस्तावर बठ्ठा गारा शे. तो तरी काय करी?"

काका जाईपर्यंत मी कशीबशी थांबले. मग म्हटलं, "नाना, मी घसरले तेव्हा बाई घसरली. हे घसरले तेव्हा रस्त्यावर गारा होता. त्या दिवशी काय गालिचा होता? टायर दोन्ही वेळी तेच होते, आणि ते मी निवडलेले नव्हते. आता सांगा, यांची चावी कोणाच्या कपाटात ठेवायची?"

नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. चावी टीपॉयवर पडली होती. मी ती उचलली आणि पर्समध्ये टाकली. कोणी अडवलं नाही.

गाडी दुरुस्त झाल्यावर मी धुळ्याच्या एका दुकानात गेले. तिथल्या माणसानेही बिलासाठी साहेबांचा नंबर मागितला. मी माझा दिला आणि मला हवे तेच चारही टायर बसेपर्यंत गाडीजवळून हलले नाही. येताना पारोळ्याच्या अलीकडे ओला, मोकळा रस्ता बघून, मागेपुढे कोणी नाही याची खात्री करून कचकन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, सरळ उभी राहिली. मी एकटीच मोठ्याने हसले.

घरी नवरा गाडीभोवती एक चक्कर मारून आला. वाकून टायर बघितले. चेहरा उतरला होता.

"टाकायच्या आधी मला एकदा विचारायचं तरी," तो म्हणाला.

"का हो?" मी म्हटलं. "दुकानदाराने तुम्हाला फोन नाही केला?"