एक कपडा कमी

आमच्या पीटीच्या बाई थंडीत हातात पायमोजे घालायच्या. कामठीहून पहिल्या बसनं नागपूरला यायच्या, पदर खोचायच्या आणि भावाचे जुने लोकरी मोजे हातांवर चढवून मैदानात उभ्या राहायच्या. बाकीच्या शिक्षिका तोंडाला पदर लावून हसत. बाई म्हणायच्या, "मोज्याले काय माहीत, आत हात हाय का पाय!"

जानेवारीत मुलींच्या शर्यती असत. आम्ही नववीच्या मुली पहाटे सरावाला यायचो त्या दोन स्वेटर, मफलर आणि वर आईची शाल अशा थाटात. बाई भडकायच्या. "काहून एवढी गुंडाळून आली वं? पळाले आली का झोपाले?" त्यांचं एकच सांगणं असे: पळायला निघताना एक कपडा कमी घाला. आधी हुडहुडी भरली तरी चालेल, दुसऱ्या फेरीत अंग तापतंच. जास्त घातलं तर घामानं भिजतं आणि मग खरी थंडी बाधते. वारा छातीला लागू नये म्हणून त्या स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी घालायला लावत. पळणं संपलं की आधी कोरडा सदरा, मग शाल. "ओली पोरगी घरी पाठवली तं तुही माय मले शिव्या देईन," म्हणत स्वतःच आमची डोकी पुसत.

शिव्या मिळाल्याच, पण भलत्याच कारणासाठी. 'एक कपडा कमी' हे वाक्य कोणाच्या तरी घरी पोचलं आणि शाळेच्या कमिटीपर्यंत जाईतो ध चा मा झाला: बाई पोरींना कमी कपडे घालायला लावतात! कमिटीतल्या एकाही गृहस्थानं थंडीत कधी मैदानावर पाऊल टाकलं नव्हतं. कोट चढवून, चहा पीत त्यांनी आमच्या बाईंना शील शिकवलं. माफी मागा, नाही तर नोकरी सोडा. बाईंनी माफी मागितली नाही.

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. रडतच विचारलं, "बाई, तुम्ही त्यायले नीट समजावलं काहून नाही?"

"समजावलं ना वं. त्यायले निस्तं 'कमी' ऐकू येते," त्या म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

त्या वर्षी नव्या नियमाप्रमाणे आम्ही स्वेटर-मफलरचा सगळा जामानिमा करून शर्यतीत पळालो. अर्ध्यातच घामानं निथळलो. एकीला भोवळ आली, दोघी तापानं अंथरुणाला खिळल्या. यावर कमिटीनं काय करावं? मुलींना थंडी सोसत नाही, असं म्हणून मुलींचं पळणंच बंद केलं. थंडी आम्हाला चांगली सोसत होती. आम्ही पळत होतो, हे त्यांना सोसत नव्हतं!