सुभेदारांच्या देखरेखीखाली सेन्सरबदली

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. चार रिकामटेकडी माणसं, एक उघडं बॉनेट आणि हातात पाना एवढं जमलं की ते आपोआप साठतात. आमच्याकडे तर आता ढीग झालाय, कुठला सांगू न् कुठला नको!

विट्याजवळच्या आमच्या कॉलनीत आम्ही चौघं दोस्त. मी सायन्सचा रिटायर मास्तर. अण्णांचा ऊस आणि बियाण्याचं दुकान. संपत तीस वर्षं कोइमतूरला गलाईच्या धंद्यात सोनं गाळून गावी परतलेला. आणि सुभेदार, मिलिटरीत गाड्यांच्या वर्कशॉपला जन्म काढलेला माणूस.

मागच्या वर्षी सुभेदारांना लकव्याचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हात मात्र अडून राहिला. डॉक्टर म्हणाले, "हात वापरात ठेवा, नाहीतर कायमचा जाईल." पण गडी पान्याला शिवेना. चारचौघांत हातातून काही निसटलं तर? म्हणून हात सदा खिशात. आम्हाला ते बघवायचं नाही. त्यांना कसंही करून परत कामाला लावायचं, असा आम्ही तिघांनी कट केला.

निमित्त माझ्या गाडीनं दिलं. पिवळा दिवा लागला. गॅरेजवाला म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय." अठ्ठावीस वर्षं मी पोरांना ऑक्सिजन शिकवला, पण सायलेन्सरच्या पाइपात एक नग बसवलेला असतो आणि तो धुरातला ऑक्सिजन मोजून इंजिनाला कळवतो, हे मला त्या दिवशी कळलं! खर्च ऐकून तर माझाच ऑक्सिजन कमी झाला.

सुभेदार म्हणाले, "आवं सर, एक पाना न् अर्धा तास. घरी हुतंय!"

"मग करा की!" मी लगेच पाना पुढे केला.

"करा तुमी. मी सुपरव्हिजनला हाय," म्हणाले आणि खुर्ची मागवली.

* * *

गाडीखाली शिरायला जागा पाहिजे. अण्णा म्हणाले, "माज्या रानात पाट कोरडा हाय. त्याच्यावर गाडी आडवी लावा, खाली मस्त झोपा." विहिरीच्या मोटरीला लाईट कधी आहे विचारलं तर म्हणाले, "ह्या आठवड्यात रातचीच."

मी पाटात उताणा. पाना लागला, सेन्सर जरा हललाही. आणि लाईट आली! आठवडा बदलला होता, अण्णा विसरले होते. मोटरीला ऑटो स्विच, लाईट येताच पाटाला पाणी सुरू. मला कळलं ते थेट मानेखाली गार लागल्यावर.

"अण्णा, पाणी!" मी ओरडलो.

अण्णा विहिरीकडं पळाले. संपत वाकून शांतपणे विचारतो, "सर, पाण्यात ऑक्सिजन किती असतो वो?"

सुभेदार इतके हसले की खुर्ची कलंडता कलंडता वाचली. आजारपणानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. माझी भिजलेली बनियन त्या दिवशी सत्कारणी लागली.

* * *

पाट सुकल्यावर सेन्सर एकदाचा बदलला. जुना मी टाकून देणार, तर संपतनं झडप घातली. "ह्यात प्लॅटिनम असतंय, सर!"

कुठंतरी वाचलं होतं त्यानं, आणि खोटंही नव्हतं. गलाईवाल्याचा हात तो, थांबतोय कशाला! परसात धातू वितळवायची मूस मांडली, भट्टी पेटवली, आम्हाला लांब उभं केलं. घरातल्या माणसांना तर पार गेटबाहेर काढलं. दोन तास नुसता धूर. आम्ही ताटकळलो.

शेवटी अण्णांनी विचारलं, "किती निघालं रं?"

संपतनं मूस चिमट्यात धरून आत बघितलं आणि म्हणाला, "वास निघाला."

सुभेदारांनी तेवढ्यात खिशातला हात काढून नाकाला रुमाल लावला. मी अण्णांना कोपर मारलं. पण वास जाताच हात परत खिशात!

* * *

मग अण्णांच्या गाडीची पाळी. अण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे. दुपारी चारला घराच्या ओट्याशी गाडीखाली गेले. सेन्सर गंजून असा धरलेला की हलेना. तेल मारलं, इंजिन गरम केलं, तरी हलेना. बाहेर यायला सांगितलं तर अण्णा हट्टाला पेटलेले.

अण्णांच्या घरच्या, सुशीलावहिनी, दारात आल्या. "आवं, धा मिन्टं राहिली!"

"आलोच!"

"पाच राहिली!"

"आलोच म्हणतोय न्हवं!"

वहिनी आत गेल्या, ताट घेऊन आल्या आणि सरळ गाडीपाशी बसल्या. "हात काळं हायत. तोंड उघडा!" मुगाची आमटी, भाकरीचा काला. घास गाडीखाली जायचा आणि रिकामा हात बाहेर यायचा. शेवटी तांब्या गेला. अण्णांनी चूळ भरली ती माझ्या बुटांवर.

सुभेदार म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, पर असली सप्लाय लाईन बघितली न्हाई!"

सेन्सर सकाळी निघाला.

* * *

गेल्या महिन्यात सुभेदारांच्याच गाडीत दिवा लागला. त्यांचा सेन्सर वरच आहे, बॉनेट उघडलं की दिसतो. जुना आम्ही काढला. नवा बसवायला संपत पुढे झाला आणि थेट पानाच लावायला लागला.

"थांब! आदी बोटानं लाव रं! आटे वाकडे बसले तर पाइप बाद झाला म्हणून समज!"

"बोटं पोचंनात, सुभेदार," संपत म्हणाला. खरंच पोचत नव्हती का, ते मी अजून त्याला विचारलेलं नाही.

सुभेदार उठले. डावा हात घालून बघितला, पण मध्ये पाइप आडवा. मग उजवा खिशातून निघाला. सेन्सर टेकवला, निसटला, वायरला लोंबकळला. परत टेकवला. अण्णा कॉलनीपलीकडच्या उसाकडं बघायला लागले, मी आभाळाकडं. किती वेळ गेला काय माहीत! मग सुभेदारांचा आवाज आला, "लागला. पाना आण."

गाडी चालू केली, दिवा गेला. मला भरून आलं, पण मास्तर असल्यामुळे मी नुसतंच खाकरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो, तर सुभेदारांच्या गाडीचं बॉनेट उघडं! जवळ गेलो. कालचा कोरा सेन्सर बाहेर काढलेला, त्यांच्या हातात.

"आवं सुभेदार, नवा बी गेला का?"

"न्हाई वो सर, झ्याक हाय."

"मग काढला कशाला?"

"बसवायला!"