साहेब येणार म्हणून धुतलेली मोटार

रॉकेलचा वास आला की अमरावतीजवळच्या वलगावचं, मालकांच्या घरचं अंगण आठवतं. चौथीतच शाळा सोडून मी कोकणातून तिकडे गेलो होतो आणि मी मोठा झाल्यावर फुलांचे मळे असलेल्या मालकांनी मला मोटार शिकवून ड्रायव्हर ठेवलं होतं. ती मोटार अकोल्याहून चोरीला गेली आणि चौथ्या दिवशी चांदूर रेल्वेजवळ नाल्यात सापडली, दिवे गेलेली, गाद्या फाटलेली, मडगार्ड चेपलेली. नुकसान ठरवायला विमा कंपनीचा साहेब येणार होता. दारी साहेब यायचा आणि मोटार अशी चिखलात, याची मला लाज वाटली. मी दोन दिवस खपून ती रॉकेलनं पुसली, मडगार्ड ठोकून सरळ केले, गाद्या शिवल्या, वर झेंडूचा हार घातला. साहेब म्हणाला, "हिला तर फारसं काही झालेलं नाही," आणि अगदी थोडी भरपाई लिहिली. मालकांनी हात जोडले. "सायेब, नाल्यातून काढली तवा पाहाची होती! पावना येते म्हणून ह्या येड्यानं सजवली ते." साहेब हसला, पण आकडा तोच राहिला. तेवढ्या पैशात दुरुस्ती होईना, म्हणून मोटार विकावी लागली. मी रडलो तेव्हा मालक म्हणाले, "रडून काहून राहिला गा? हात चांगला हाये तुहा. पण मोटरच नाही, त तुले ठेवू कुठी?" त्यांनीच मला अमरावतीत दुसरी नोकरी लावून दिली. पुढे नव्या मालकाची मोटार चालवताना वाटेत जुने मालक फुलांच्या बैलगाडीवर बसलेले दिसत. धूळ उडू नये म्हणून मी वेग कमी करी आणि ते हसून हात वर करत. आज वाटतं, त्यांनी एकदा तरी मला शिवी द्यायला हवी होती.