दहा पावलांवरचं वळण

सुतळ्या हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण तो नांगर धरायचा तो असा, की फाळामागे मातीत उमटलेलं तास म्हणजे जमिनीवर ताणलेली सुतळीच. शेताच्या पल्याड एक काठी रोवायची, दोन बैलांच्या शिंगांमधून तिच्यावर नजर लावायची आणि काठी येईस्तोवर डोळा हलवायचा नाही. तास पुरं झालं की बाप बांधाशी गुडघे टेकून बसे, एक डोळा मिटून तासावरून नजर फिरवे आणि म्हणे, "हं." बस्स, एवढंच. पण त्या एका हुंकारावर सुतळ्याचे चार दिवस मजेत जात.

मग लढाई लागली आणि गावच्या तरण्याताठ्यांबरोबर सुतळ्याही भरती झाला. बंदूक त्याला बेताचीच जमली, फावडं मात्र हातात बसलं. खंदक खणायचा हुकूम झाला त्या पहिल्याच दिवशी त्याच्या टोळीने संध्याकाळपर्यंत तीस पावलं खंदक खणला. सुतळ्याने काठावर गुडघे टेकले, एक डोळा मिटला. केसाइतका फरक नाही! हवालदार आला तेव्हा हा शाबासकी घ्यायला छाती काढून उभा.

"हे काय आहे?"

"खंदक, साहेब."

"कालवा खणलायस कालवा! अरे शहाण्या, एक गोळा आत पडला तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे एका दमात जातील. दहा पावलं झाली की वळायचं. कळलं?"

"कळलं, साहेब. पण ते दिसायला बरं दिसत नाही."

"आपण काय शत्रूला दाखवायला खणतोय?"

टोळी पोट धरधरून हसली. सुतळ्या मान खाली घालून वाकडं खणायला शिकला. पुढे एका दुपारी गोळा खरंच आत पडला. वळणापलीकडचे दोघं गेले. अलीकडे हा तोंडातला घास तसाच धरून कितीतरी वेळ बसून राहिला. त्या दिवसापासून त्याला सांगावं लागलं नाही. दहा पावलं झाली की हात आपसूक वळे. तीन वर्षं तो असा खणत राहिला, आणि पावसाळ्यात त्याच वळणांवर साचलेल्या पाण्यात गुडघाभर उभा राहिला.

लढाई संपली, तो घरी आला. बायकोने दारातच त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सगळं जागच्या जागी आहे ना?"

"डावा कान तेवढा गेला."

"मग डाव्या बाजूला मी बसत जाईन. माझी बडबड सोसेल तुम्हाला."

नांगरणीच्या दिवसांत बापाने सगळ्यांदेखत नांगराचं रुमणं त्याच्या हातात दिलं. काठी रोवलेली, नजर काठीवर, बैलही जुनेच. दहा पावलं झाली आणि हात वळला. त्याने सावरलं, पुढच्या दहावर पुन्हा वळला. बाप गुडघे टेकून बसला, एक डोळा मिटला, मग दोन्ही डोळे चोळले. हुंकार काही आला नाही.

"धाकट्याकडे दे," एवढंच म्हणाला.

तसं सुतळ्याचं बरं चाललं होतं. पोटभर जेवे, गाढ झोपे, जिवंत परत आल्याचा आनंद त्याच्या तोंडावरून सांडत असे. फक्त धाकटा भाऊ नांगर धरी तेव्हा याला घरामागे हटकून काहीतरी काम निघे. बायकोला ते कळायचं.

"हात वळतोय तर वळू द्या की," ती एकदा चिडून म्हणाली. "वळायची जागा असेल तिथं घेऊन जा त्याला!"

तो हसला, पण हसता हसता थांबला. उतारावरचा तुकडा! बाप तिथं वरून खाली सरळ तास घाली आणि दरसाल पाऊस त्याच तासांतून माती घेऊन ओढ्याला मिळे.

"आबा, उतारावरचा तुकडा मला द्या."

"तिथं दगडांशिवाय काय पिकलंय?"

"मग बिघडलं तर दगडच बिघडतील."

त्याने उताराला आडवा नांगर घातला आणि हाताला मोकळं सोडलं. बांधावरून धाकटा ओरडला, "दादा, बैलांनी घेतलीय की तू?"

"बैल शुद्धीवर आहेत रे! माझं मलाच सांगता येत नाही."

पाऊस पडला तो वळणावळणावर थबकला आणि तिथंच मुरला. माती जागची हलली नाही. पीक छातीला लागलं तेव्हा एका सकाळी म्हातारा बाप काठी टेकत आला. सवयीने गुडघे टेकून बसला, एक डोळा मिटला. पण बघणार काय? तास दहा पावलांवर वळून नाहीसं झालेलं. तो कण्हत उठला आणि तासातून चालू लागला. मधून सरळ जाता आलं असतं. पण त्याने एकही वळण चुकवलं नाही. पलीकडच्या टोकाला सुतळ्या उभा होता. पिकावरून म्हाताऱ्याचं डोकं तेवढं दिसे, मध्येच इकडे, मध्येच तिकडे.

म्हातारा धापा टाकत बाहेर आला. मागे वळून, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याने सगळ्या उतारावर नजर फिरवली.

"हं," म्हणाला.

सुतळ्याने उजवा कानच त्याच्याकडे करून ठेवला होता.