सगळे तुकडे मधलेच

ओव्हनच्या काचेसमोर आई स्टूल ओढून बसली होती. आत रावसाचे बिनकाट्याचे तुकडे होते. त्यांवर अननसाचा कीस, आंब्याचा रस आणि थोडं नारळाचं दूध. जन्मभर माशात कैरी नि आंबाडे घालत आलेल्या आईला फळांचं नवल नव्हतं. नवल होतं ते शांततेचं. चुरचुर नाही, धूर नाही.

"परतायचा नाही?"

"नाही गं आई, नुसतं बघायचं."

ती बघत राहिली. मांस कडेकडेने पांढरंशुभ्र होत गेलं, रसावर सोनेरी बुडबुडे आले. समुद्र न पाहिलेला अननस आणि झाड न पाहिलेला मासा एकाच उबेत एकमेकांचे होत होते. मीही श्वास रोखून बघत होते.

ट्रे बाहेर काढला, तशी आई सवयीने म्हणाली, "मला शेपटीचा दे." आमच्या घरी डोकं आणि शेपटी कायम तिची, मधले तुकडे आमचे. पण या ट्रेमध्ये शेपटीच नव्हती. सगळे तुकडे मधलेच होते.

आई गोंधळली. मग तिने एक तुकडा ताटात घेतला, घास तोंडात ठेवला आणि थांबलीच.

"किती मऊ असतो गं मधला!"