पाच एक्स अधिक दोन

भूकंपात गावचं घर पडल्यावर आम्ही लातूरला आलो. त्या वर्षांत ज्याची भिंत न तडकता उभी राहिली त्यानं तिच्यावर पाटी ठोकून क्लास काढला, असं मला वाटायचं. माझी मुलगी सातवीत असताना जायची तो क्लासही त्यातलाच. सर पुढच्या खोलीत शिकवायचे. चाचणीत नापास झालेल्यांना मागच्या खोलीत बसवायचे आणि तिकडे फिरकायचेही नाहीत.

एकदा त्यांनी मला बोलावून घेतलं. मी दाराशी पदर धरून उभी. मुलीची वही माझ्यापुढं नाचवत ते म्हणाले, "ताई, पाच एक्स अधिक दोन. एक्सची किंमत तीन. हिनं उत्तर काय लिहिलंय बघा, पंचावन्न! हिला शिलाई शिकवा. शनिवारी परत चाचणी घेतो, मग सरळ मागची खोली."

मी चौथी शिकलेली. शिलाईला नावं ठेवणाऱ्याच्या शर्टाची बगल उसवलेली होती, तेवढी बघून घेतली.

घरी मुलीला विचारलं, "पंचावन्न कसं आलं गं?"

"सर म्हणले, एक्स उचला, तिथं तीन ठेवा. मी ठेवला. पाचाशेजारी तीन, त्रेपन्न. वर दोन."

म्हणजे पोरीनं सांगितलं तेच केलं होतं. अंक आणि अक्षर शेजारी असले की मध्ये गुणाकार असतो, ही एक ओळ तिच्या पुस्तकात होती. मला ती बोट ठेवून वाचता आली. एवढं बोलायला या शहाण्याची जीभ झिजत होती.

मी ब्लाउज शिवायची, हूक मुलगी लावायची. म्हटलं, "एका ब्लाउजला पाच हूक. दोन जास्तीचे, हरवले तर असावेत म्हणून. तीन ब्लाउज आले तर डबीतून किती काढशील?"

"सतरा."

"त्रेपन्न अन् दोन न्हाई?"

ती खुदकन हसली. "त्रेपन्न हूक! बाईनं घालायचं कवा, काढायचं कवा!"

मग एक्सच्या जागी चार ब्लाउज, दहा ब्लाउज, असं करत तिनं पुस्तकातलं पानच्या पान सोडवलं.

शनिवारी सगळी उत्तरं बरोबर आली. सर दारातल्या पालकांना म्हणाले, "बघा, आपल्या हाताखाली दगडसुद्धा बोलतो."

"हाव, सर," मी मान खाली घालून म्हणाले.

वाटेत मुलगी माझ्यावरच चिडली. "आई, तूच शिकवलं म्हणून सांगितलं का न्हाईस?"

"फुगू दे त्याला. तुला पुढच्या खोलीत बसायचंय ना?"