कोऱ्या वाघिणी

वस्तू वापरायची असते ही साधी गोष्ट ज्याला जन्मात कोणी पटवून देऊ शकलं नाही, असा अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच माणूस आहे आणि आमचं नशीब बघा, तो नेमका माझा साडू निघाला. महाडला त्यांच्या घरी सोफ्यावर बसलं की खालचं प्लॅस्टिक चर्र वाजायचं. सोफा घेतला तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. फ्रिजच्या दारावरचा कंपनीचा स्टिकर अजून जागेवर. माझी मेहुणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती एकदा भर पंगतीत म्हणाली, "लग्न झाल्यावर मला पण कागदात गुंडाळून कपाटात ठेवणार होते हे. सासूबायनी भाकऱ्या थापायला बाहेर काढलं म्हणून वाचले!" सगळी पंगत हसली. साडूभाऊही हसले, पण खरं सांगतो, नाही म्हणाले नाहीत.

त्यांचंही अगदीच चुकतं असं नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातलं त्यांचं गाव, पाच भावांत हे शेंडेफळ. शर्ट यायचा तो चार जणांची कोपरं पाहून यायचा. शाळेच्या पुस्तकातल्या प्रत्येक पुढाऱ्याला आधीच कोणीतरी मिशा काढून ठेवलेल्या. पुढे नोकरी लागली ती बसस्टँडवर कंट्रोलरची. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत घाटातून चिखल माखून आलेल्या गाड्या बघायच्या. "पावणं, माझ्या वाट्याला कोरं असं काय आलंच नाय हो," ते मला म्हणायचे. म्हणून निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ कोऱ्या वस्तू स्वतःच तयार करायला बसला. आणि वस्तू तरी कुठली? मालगाडीचे डबे! वीतभर लांबीचे, कुरिअरने सुटे भाग मागवून जोडलेले. साडूभाऊ त्यांना जुन्या शब्दाने वाघिणी म्हणतात.

आता हा छंद करणारे लोक पुण्यामुंबईला बरेच आहेत म्हणे, पण ते डबे मुद्दाम मळवतात. गंज रंगवतात, कोळशाची काजळी दाखवतात, त्याशिवाय डबा खरा वाटत नाही म्हणतात. साडूभाऊंच्या पुढे हा विषय काढायची सोय नाही. "अरे, खरी वाघीण पण कधीतरी कारखान्यातून पहिल्यांदा बाहेर पडली असंल ना? त्या दिवशी ती खोटी होती काय?" मीही एकदा शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, मग सोपंच आहे की, चकचकीत रंग मारला की झालं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हातातला चहा गार झाला. चकचकीत असतं ते खेळणं. कारखान्यातून निघालेली वाघीण कशी, तर रंग तांबूस, नवा, पण तेल लावल्यासारखा नाही. अक्षरं पांढरीशुभ्र, पण रंगावर चिकटवल्यासारखी नाहीत. चाकाची रुळाला टेकणारी कड तेवढी उघडी, लख्ख. हे पाहायला ते वीर स्टेशनला जाऊन बसायचे, कारण महाडात रूळ नाही आणि पोलादपुरात तर नाहीच नाही. येतील त्या मालगाड्या मेल्या सगळ्या मळक्या! एकदा मात्र कोऱ्या वाघिणींची अख्खी रांग बाजूच्या रुळावर उभी होती. साडूभाऊंनी जवळ जाऊन हात लावला, तिथल्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या आणि बारशाचे पेढे वाटावे तशा चेहऱ्याने घरी आले.

रंग ओला असताना धुळीचा कण बसला की संपलं. त्यामुळे घरातली सगळ्यात निर्मळ खोली, म्हणजे बाथरूम, पाणी मारून धूळ खाली बसवायची आणि वाघीण आत वाळत ठेवायची. पावसाळ्यात रंगावर पांढुरकी झाक येते म्हणून हे काम सुरू होतं दिवाळीत. एका नरकचतुर्दशीला मी त्यांच्याकडे होतो. अंगभर तेल-उटणं चोपडून कुडकुडत बाथरूमशी गेलो तर दाराला बाहेरून कडी. साडूभाऊ समोर पाट टाकून बसलेले. "उघडू नका, वारा लागंल. तास दीड तास थांबा." दीड तास! आम्ही सगळे शेवटी मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसून अंघोळी करत होतो. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "गो ताय, बाथरूम तुंबलं काय?" ताई डोक्यावर तांब्या ओतत म्हणाली, "नाय गो बाय, गाडी लागलीय!"

पण या गाड्या धावायच्या नाहीत. काचेच्या कपाटात रांगेने उभ्या. इंजिन आणि रूळ त्यांनी हौसेने आणले होते, त्याचा खोका कपाटाच्या वर, वरचं प्लॅस्टिकही फाडलेलं नाही. फाडलं म्हणजे तो कोरा राहणार नाही आणि वाघिणी फिरवल्या म्हणजे चाकं झिजणार. ताईची एकच हौस होती. "अवो, एकदा फिरवून दाखवा की!" दर सणाला ती म्हणायची आणि हे दर सणाला म्हणायचे, "बघू."

गेल्या माघात ताईच्या छातीत दुखायला लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं आणि तिच्या वयाला जोखीम आहे हेही सांगितलं. निघायच्या सकाळी मी गाडी घेऊन त्यांच्या दारात गेलो. ताई नवं लुगडं नेसून पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. काचेच्या कपाटाकडे बघत म्हणाली, "ऱ्हायलंच की हो तेवढं."

"परत आलीस की दाखवतो," साडूभाऊ म्हणाले.

"नि नाय आले तर?"

आठ दिवस घरात हे कोणी तोंडातून काढलं नव्हतं. साडूभाऊ उठले. स्टुलावर चढून खोका उतरवला, भाजीची सुरी आणली आणि ज्या माणसाने बिस्किटाचा पुडाही कधी नीट उकलल्याशिवाय खाल्ला नाही, त्याने त्या खोक्यावरचं चित्र मधोमध फाडलं. रूळ मी जोडले, तिच्या खुर्चीभोवती गोल. सगळ्या वाघिणी कपाटातून उतरल्या. बटण तिच्या हातात दिलं. तिला काय अंदाज, तिने एकदम सगळं फिरवलं! गाडी सुसाट निघाली, वळणावर शेवटची वाघीण उलटली, फरशीवर आपटली आणि कोपऱ्याचा रंग टवकाभर उडाला.

"अगो बाय, मोडली!" ताईने जीभ चावली.

साडूभाऊंनी वाघीण उचलली, अंगठ्याने कोपरा पुसला आणि परत रुळावर ठेवली. "मोडली नाय. धावली," ते म्हणाले. "फिरव परत."

ताई परत आली. देवाचे उपकार. पण पूर्वीची राहिली नाही, चार पावलांत दम लागतो. परवा दुपारी गेलो तेव्हा ती सोफ्यावर पडली होती. सोफ्यावरचं प्लॅस्टिक गायब, कारण कूस बदलली की त्याच्या आवाजाने तिची झोप मोडते. जमिनीवर गाडी फिरत होती, शेवटी ती टवका उडालेली वाघीण. मी हळू आवाजात म्हटलं, "साडूभाऊ, तेवढ्या कोपऱ्याला रंग लावून घ्या की." त्यांनी मान हलवली. "तिच्या हातचा टवका हाय तो. ऱ्हाऊ दे."

गाडी फिरतच होती. सगळ्या वाघिणींवर धूळ बसली होती, चाकांची लख्ख कड काळवंडली होती. ताई केव्हाच झोपली होती, पाहणारं कोणीच नव्हतं. मी बटणाकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. "नको. आवाज थांबला की ती दचकून उठते."

"अहो, पण चाकं झिजतायत."

"झिजू देत," साडूभाऊ म्हणाले. ते गाडीकडे बघतच नव्हते.